नाडीने निवडलेले दुःख

एकदा एका वैद्यशाळेने प्रवेशासाठी विचित्र अट घातली. आपल्यावर ओढवलेल्या एका संकटाविषयी प्रत्येकाने एक पान लिहून आणायचे. डोंगरापलीकडच्या गावातली एक मुलगी वैद्य होण्याचा हट्ट धरून बसली होती. एका पानात तिचे भागेना. तिने आठ पाने भरली आणि ती गावच्या वृद्ध वैद्यांपुढे ठेवली.

"आजोबा, यातलं कुठलं देऊ? जागा एकच उरलीय आणि मला ती हवीच आहे."

वैद्यांनी तिचे मनगट धरले, नाडीवर तीन बोटे टेकली आणि म्हणाले, "वाच."

मुलगी चक्रावली. ती काही औषध मागायला आली नव्हती! तरी वाचू लागली. पुरात वाहून गेलेले घर झाले, वडिलांचे आजारपण झाले. धाकट्या भावाच्या मृत्यूचे पान तिने कसेबसे वाचून संपवले. शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या, त्या तिने ओशाळत वाचल्या. अंथरुणाला खिळलेल्या काकूच्या पाठीवरच्या जखमा धुवायला ती गेली होती आणि पहिल्याच दिवशी ओकारी येऊन पळून आली होती.

वैद्यांनी तेवढे पान ठेवले, बाकीची तिच्या हाती परत दिली.

मुलगी भडकली. "भावाचं काढून हे ठेवता? त्याच्याहून मोठं दुःख नाही माझ्याकडे!"

"नाहीच आहे," वैद्य म्हणाले. "त्याचं नाव निघालं आणि तुझी नाडी उसळली. ती जखम अजून ओली आहे, पोरी. ती परक्यांपुढे उघडू नये. त्यांनी एक प्रश्न विचारला तरी तुला रडू कोसळेल. काकूचं वाचताना नाडी एका चालीने चालली होती. तिथलं तुला काहीही विचारलं तरी तू सांगशील. कोणी किती सोसलं, याची चढाओढ नाही ही. सोसताना तुझे हात काय करत होते, ते त्यांना कळू दे."

मुलगी खूप रडली. मग डोळे पुसून तिने त्या दोन ओळींचे पान केले.

वैद्यशाळेच्या आचार्यांनी ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "रुग्णाला टाकून पळालीस?"

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"नाकाला फडकं बांधून गेले. तिसऱ्या दिवशी फडकं बांधायचं लक्षातच राहिलं नाही."

आचार्यांनी यादी ओढली आणि तिचे नाव लिहिले.