पावती नसलेलं खत

"मेंढरं कुणाला विचारून उतरवलीत, महाराज?"

"जमिनीला."

वैजयंता मठाच्या बांधावर उभी होती. गावची सरपंच, शेतकी कॉलेजची पदवीधर आणि चेतनगिरी महाराजांची शिष्या. दर गुरुवारी पाया पडणारी ती आज वाकली नाही.

मठाच्या रानात, जाळीच्या कुंपणात मेंढरं बसली होती. त्यांचा मालक धुळा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

सुगी झाली की धनगर आमच्या गावात उतरायचे. ज्याच्या रानात मेंढरं रात्र काढतील त्याने धान्य द्यायचं, रानाला खत मिळायचं. जुनी रीत. यंदा ग्रामपंचायतीने कळपांना शिवेवरच अडवलं. कारण जिल्ह्याची समिती आज गाव बघायला येणार होती. गाव पसंत पडलं तर 'सेंद्रिय गाव' ठरणार, मातीची तब्येत सुधारायला निधी मिळणार. स्वच्छतेलाही गुण होते, म्हणून रस्ते धुतले, रांगोळी घातली, कमान उभारली. धुतलेल्या रस्त्यावर लेंड्या नकोत म्हणून मेंढरांना बंदी. सेंद्रिय शेतीसाठी मेंढरं हाकलणारं गाव दुसरं कुठं असलं तर मला दाखवा.

"ग्रामसभेत ठराव झालाय, महाराज. तुम्हीपण हात वर केला होता."

"डोकं खाजवत होतो. तुम्ही मोजला."

धुळाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"चेष्टा नको," वैजयंता म्हणाली. "या निधीसाठी जिल्ह्याच्या कचेरीत चपला झिजवल्यात मी. युरिया ओतून ओतून रानं दगड झालीत गावाची. पाच वर्षं सरकारची साथ मिळाली तर माती परत जिवंत होईल. हे मी माझ्यासाठी मागत नाही."

ते खरंच होतं. खुर्चीसाठी पळणाऱ्यांतली ती नव्हती.

"ठाऊक हाय मला," महाराज म्हणाले.

"मग?"

समितीच्या नजरेत भरावं म्हणून पंचायतीने बांधाबांधावर सेंद्रिय खताचं एकेक पोतं मांडलं होतं. महाराज उठले. मठाच्या वाट्याचं पोतं त्यांनी विळ्याने फाडलं आणि मूठभर खत तिच्या तळहातावर ठेवलं.

"काय हाय हे?"

"लेंडीखत. कुजवून, चाळून भरलेलं. कारखान्यातून येतं."

"कारखान्यात मेंढरं पाळत्यात व्हय?"

वैजयंताचा चेहरा लाल झाला. पण ती मागे हटली नाही.

"मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? पोतं मोजता येतं, महाराज. पोत्याची पावती फाडता येते. रात्रभर मेंढरं बसली त्याची पावती कोण देणार? सरकारला पावती लागते."

"मातीला?"

इतक्यात कमानीकडून जीपचा हॉर्न वाजला. समिती वेळेआधीच आली होती. सरकारी गाडी वेळेआधी येते तीही नेमकी अशाच दिवशी.

वैजयंताने हातातलं खत टाकलं आणि हात जोडले. "पाया पडते. मेंढरं टेकडीमागं न्या. एवढी दुपार जाऊ द्या. मग खुशाल बसवा."

महाराजांनी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या हाताने जाळीची मेख उपटली. मग दुसरी. धुळाने शीळ घातली, मेंढरं उठली. वैजयंताचा जीव भांड्यात पडला.

महाराज कळपाच्या पुढे झाले... आणि टेकडीकडे न वळता सरळ रस्त्यावर उतरले.

"महाराज, टेकडी इकडं आहे!"

महाराजांनी मागे पाहिलं नाही. मेंढरं धुतलेल्या रस्त्यावर पसरली, रांगोळी तुडवत कमानीखाली शिरली. जीप थांबली. वैजयंता धावत पुढे गेली आणि दोन्ही हात पसरून महाराजांच्या वाटेत उभी राहिली.

"तुम्ही माझे गुरू आहात. पण हा रस्ता पंचायतीचा आहे."

"म्हणून तर इथनं निघालो."

"कुठं?"

"गावात. रानं तिकडं हायत."

जीपमधून समितीचे मुख्य साहेब उतरले. एक पाय लेंड्यांत पडला. त्यांनी पाय झटकला, चष्मा सावरला.

"सरपंचबाई, मेंढ्यांना बंदी आहे असं तुम्ही कळवलं होतं ना? मग ही कुणाची मेंढरं?"

वैजयंताने महाराजांकडे पाहिलं. महाराज एका कोकराच्या पायातला काटा काढत बसले होते. तिच्या मदतीला येण्याचं त्यांच्या मनात नव्हतं. मेंढरं परक्याची, चुकून शिरली, एवढंच म्हणायचं होतं. पाच वर्षांचा निधी तेवढ्या एका वाक्यावर उभा होता.

बांधाबांधावरून माणसं बघत होती. धुळा बघत होता.

"गावाची," वैजयंता म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बंदी उठली. आज माझ्या रानात बसतील. उद्या ज्याला हवी त्याच्या."

ती बाजूला झाली. धुळाने परत शीळ घातली. मेंढरं तिच्या अंगाला घासत गावात शिरली.

साहेबांनी कागद काढला. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त पंचाईत झाली होती.

"अहो, मग अहवालात मी लिहू काय?"

महाराजांनी काटा काढून फेकला. कोकरू सोडलं आणि उभे राहिले.

"लिवा, गाव घाण हाय. पुढच्या सालीबी राहील."