बकुळाचं एकच मागणं

फुलबाजारात एक गजरेवाली होती. तिला दोन लेकरं, थोरली बकुळा आणि धाकटा धनू. घर एवढंसं, चूल एवढीशी, भाकरी त्याहून इवलीशी. त्यातच धनूचं यकृत, म्हणजे पोटातलं लिव्हर, बिघडलं. पोरगं हळदीसारखं पिवळं पडलं. डॉक्टर म्हणाले, कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच हा वाचेल. आईने घासाघीस केली नाही. गिऱ्हाइकाला हातभर गजरा तोडून द्यावा, तसा तिने आपला तुकडा काढून दिला.

ऑपरेशन पार पडलं. दोघांचीही यकृतं हळूहळू वाढतील, असं डॉक्टरांनी बकुळाला समजावलं. पण ती फुलवालीची लेक. खुडलेलं फूल परत देठावर आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी घरात आता दोन माणसं अर्धी अर्धी होती, आणि आई तर रोज आणखीच सुकत होती.

डोळे पुसायला ती दवाखान्याच्या बागेत गेली. तिथे लालचुटुक, पिवळ्याधमक कर्दळी डुलत होत्या. एका पानाच्या सुरळीत करंगळीएवढी परी बसली होती, उन्हाने पंख मलूल झालेली. बकुळाने आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी टोपणात ओतून तिच्यापुढे धरलं. परी इवल्या इवल्या घोटांनी प्यायली, आणि तिच्या पंखांवर मोरपिशी चमचम पसरली.

"माग, बाळ," परी म्हणाली. "पण मागणं एकच, आणि तेही एकाच माणसासाठी."

एकाच माणसासाठी? बकुळा खाटांपाशी परत गेली. तिने आडून आडून आईला विचारलं. आई म्हणाली, धनूसाठी माग. धनूला विचारलं, तर तो म्हणाला आईसाठी माग, आणि काही उरलं तर मला लाल मोटार.

आता निवडायचं कुणाला? पण बाजारात वाढलेलं पोर ते. टोपलीच्या तळाची शेवंती हाताने वर काढून पाहिल्याशिवाय आई कधी माल उचलत नसे.

"परीताई, आधी मला दोघांच्या पोटात बघू दे. मग मागते," बागेत परतून बकुळा म्हणाली.

परी खुदकन हसली. बघायला कसलाच नियम नव्हता. तिने एक थेंब बकुळाच्या पापणीवर ठेवला, आणि बकुळाला धनूचं पोट आतून दिसू लागलं. तिथे माणकासारखे लाखो लालसर कण लुकलुकत होते. एकाचे दोन होत होते, दोनाचे चार, नुसती लगबग! मग आईचं पोट दिसलं. कण तिथेही होते, पण कसे? गालावर हात ठेवून बसलेले.

"हे का थांबले ग?"

"काम त्यांना येतं, बाळ. पण शिधाच पोहोचत नाही."

बकुळाला आईचं ताट आठवलं. भात धनूला, अंडं बकुळाला, आणि वर "मला भूक नाही ग." तिने मान ताठ केली.

"माझ्या आईने रोज सगळ्यांच्या आधी जेवावं. पोटभर."

दुपारी ताट आलं. सवयीप्रमाणे आईने वरणभाताचा घास धनूकडे नेला. हात वाटेतच वळला आणि घास तिच्याच तोंडात गेला! दुसरा बकुळाकडे निघाला, तोही माघारी. "अग बाई, हात माझा की शेजारणीचा?" आई पुटपुटली. धनू टाके दुखेपर्यंत हसला. आणि आईच्या पोटात कण उठले, कामाला लागले.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी तपासणीचे फोटो उजेडात धरले. कापलेला कोपरा पुन्हा उगवला नव्हता, तर उरलेलं यकृतच पसरून जागा भरून बसलं होतं. आकार जरासा वेगळा, पण माप पुरेपूर. धनूचंही तसंच.

बकुळा धावत बागेत गेली. परीने तिच्या कपाळावर ओठ टेकले, आणि कर्दळीच्या पानापानांतून सोनेरी उजेड उसळून परी त्यात विरघळून गेली.

गजरेवालीच्या घरी आजही पहिला घास आईचा असतो. तिने कितीही टाळला तरी.