करपलेली तीन झाडं आणि लाकडाची राजकन्या

एका राज्यात थंडी आली आणि ठाण मांडून बसली. साधी थंडी नव्हे हो ती! शीतांगद नावाच्या जादूगाराला राजगुरू व्हायचं होतं. राजा पृथुसेन नाही म्हणाला, तशी त्यानं भर दरबारात मूठ उघडली आणि मुठीतून हिवाळा सोडला. विहिरी गोठल्या, मोरांच्या गळ्यात केका गोठल्या. जाता जाता तो म्हणाला, "राजा, तुझ्या लेकीच्या जन्मदिवशी परसात लावलेली तीन झाडं मी हिवानं करपवली. चैत्र सरायच्या आत तिन्ही पालवली नाहीत, तर तुझी लेक कायमची लाकूड होईल."

त्या घटकेपासून नऊ वर्षांची हेमकला मंचकावर लाकूड होऊन पडली. अंगभर साल, हलायचे ते फक्त डोळे.

फाल्गुनात थंडी ओसरली, रान हिरवं झालं, पण विहिरी आणि मोरांचे गळे गोठलेलेच राहिले. परसातलं अंजीर, पेरू आणि डाळिंब मात्र काळंठिक्कर. राजवैद्य आले, मांत्रिक आले, हात हलवीत परत गेले. मग राजानं नदीपलीकडच्या भिवराबाई माळिणीला बोलावलं. तोंडानं फटकळ, हातानं गुणी. तिच्या खांद्यावर सुतारपक्षी बसायचा आणि तो माणसासारखा बोलायचा. त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

भिवराबाईनं अंजिराची साल नखानं किंचित खरवडली. आत हिरवं होतं. "जीव आहे," ती म्हणाली. मग काय मनात आलं कोण जाणे, ती राजकन्येपाशी गेली आणि तिच्या मनगटाची साल तशीच हलकेच खरवडली. आत गुलाबी, ऊबदार कातडी! "अगं बाई!" भिवराबाईनं हात मागे घेतला. पोर आतून तिच्याकडे बघत होती.

ती तरातरा परसात आली. अंजिराला राजानं सात शाली गुंडाळल्या होत्या. "महाराज, थंडी जाऊन महिना झाला. आत बुरशी धरलीय याला. सोडा आधी." शाली सुटल्या, झाडाला ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी अंजिराला पान फुटलं आणि हेमकलेची पावलं पुन्हा पावलं झाली.

पेरूच्या बुंध्याशी कमरेएवढा शेणखताचा ढीग होता आणि वर रोज घागरभर दूध. "लाड करून मारताय की हो!" म्हणत तिनं पदर खोचला, बुंधा मुळापर्यंत मोकळा केला, दूध बंद केलं. सुतारपक्षी म्हणाला, "मावशी, कान लाव." तिनं मातीला कान लावला. खाली मुळं श्वास घेत होती, झोपलेल्या गुरांसारखी, संथ. भिवराबाई कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. आयुष्य मातीत गेलं, पण हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. आठव्या दिवशी पेरू पालवला, हेमकलेचे हात सुटले.

राहिलं डाळिंब. तिथं तिनं कशालाच हात लावला नाही. "जीव कुठवर आहे ते झाडालाच सांगू दे," म्हणाली आणि थांबली. राजा तळमळायचा, ती ढिम्म. चैत्राच्या शेवटच्या दिवशी सुतारपक्षी शेंड्यापासून टकटक करीत खाली निघाला. "मेलं. हे मेलं. हेही मेलं." जमिनीपासून वीतभर वर तो थांबला. "इथं रस चढतोय."

"इथून कापा, महाराज."

राजा पांढरा पडला. "लेकीच्या झाडाला लोखंड लावायचं नाही, ही आमच्या घराण्याची शपथ आहे. झाडाला घाव बसला तर लेकीला लागतो."

"लागेल."

"काय म्हणालीस?"

"लागेल म्हणाले. जिवंत असेल त्याला लागतंच. वरच्या मेलेल्या लाकडापायी खालचं जिवंत कुजतंय, महाराज."

बोलून गेली खरी, पण तिलाही ठाऊक होतं: अंदाज चुकला तर पोर जाईल, आणि जाईल ती आपल्या शब्दापायी. तिनं करवत पुढे केली. "शपथ तुमची आहे. तुम्हीच धरा."

राजानं डोळे मिटून करवत चालवली. भुसा पडला तपकिरी, मग पिवळसर, मग ओला. तोच महालातून किंकाळी आली, "आई गं! दुखतंय!"

राजाच्या हातून करवत गळाली. "मारली मी तिला!"

"अहो, ओरडली ती!" भिवराबाई भडभडून रडू लागली. "चार महिन्यांनी पोर ओरडली, महाराज!"

मावळतीच्या आत खोडाच्या कडेला लालसर कोंब फुटला आणि हेमकलेची उरलेली साल गळून पडली. त्याच घटकेला शाप उलटला, सात कोसांवर शीतांगदाचं पाणी झालं आणि ओढ्यातून वाहून गेलं. विहिरींचे रहाट फिरू लागले, मोर ओरडले.

हेमकला दुखरा खांदा धरून परसात आली. रागावली होती. "बाबा, मी आतून रोज हाका मारत होते. साल कापा म्हणत होते. तुम्ही शालीच आणत होतात!"

इतका मोठा राजा, पण लेकीपुढे गुडघ्यावर बसला. "घाबरलो होतो गं, बाळ."

हेमकलेनं त्याच्या केसांतला भुसा झटकला. ऐका हो, जशी तिची साल गळाली, तशी ऐकणाऱ्यांची इडापिडा गळो.