रिकामी ओळ

"शेवटचं गाणं बिघडलंय, बुवा. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

हेरंबने कॅसेट आपल्या गुरूंच्या, विरूपाक्षबुवांच्या पुढ्यात ठेवली. जात्यावरच्या गाण्यांची होती. कुणा हौशी माणसाने माणदेशातल्या कुठल्याशा वाडीत जाऊन भरून आणलेली. ख्यालाशिवाय दुसरं काही कानावर पडू न देणारा हा गडी. असलं काही त्याने ऐकलं ते केवळ बुवांचा शब्द म्हणून, तेही नाक मुरडत.

त्याला खरं तर बायकोचा तंबोरा परत करायचा होता. बुवांनीच तो लग्नात दिलेला. हेरंब आणि ऊर्मिला जोडीनं गायची. याने ओळ सोडली की तिने उचलायची. गेल्या फाल्गुनात ऊर्मिला गेली, आणि तेव्हापासून हा गायला बसला की तिच्या ओळीपाशी येऊन अडायचा. ती ओळ त्याने स्वतः म्हणून पाहिली. शिष्येकडून म्हणवून पाहिली. छे! त्यापेक्षा मुकं झालेलं बरं.

"गाणं सोडतोय," असं सांगून तो मागच्या आठवड्यात तंबोरा ठेवायला आला, तेव्हा बुवांनी ही कॅसेट हातात दिली होती.

"आधी हे ऐक. मग खुशाल सोड."

आज तो दोन्ही घेऊन परत आला होता.

"काय बिघडलंय?" बुवांनी विचारलं.

"आधीच्या गाण्यांत दोघी आहेत. एक म्हणते, दुसरी उचलते. सूर बेताचाच, पण निदान एकमेकींना धरून तरी आहेत. शेवटी मात्र एकटीच. ओळ म्हणते आणि गप्प! नुसती जात्याची घरघर. मग पुढची ओळ. भरणाऱ्याला तेवढं कापता येऊ नये?"

"आणि लय?"

"पडलीय. ओढत ओढत चाललीय."

"दोघींचं जातं एकीनं ओढलं तर...?"

हेरंबने कॅसेट पुन्हा उचलून पाहिली.

"दुसरी... दुसरी कुठं गेली, बुवा?"

बुवांनी कॅसेट घातली. शेवटचं गाणं लावलं.

बाईने ओळ म्हटली. थांबली. दगडावर दगड फिरत राहिला...

दुसरी ओळ. पुन्हा तेच.

हेरंबला ते ऐकवेना. तिसऱ्या ओळीनंतर त्याने श्वास घेतला, ती रिकामी ओळ उचलायला ओठ उघडले...

बुवांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

म्हातारा हात, पण घट्ट. घरघर चालू होती तोवर तो हलला नाही. हेरंबच्या डोळ्यांतलं पाणी बुवांच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळलं.

बाईने आपली पुढची ओळ म्हटली. मग हात निघाला.

"ती उचलेल, असं हिला वाटतं का, बुवा?"

"नाही."

"मग थांबते कशाला?"

बुवांनी टेपरेकॉर्डरकडे बोट केलं.

"मला नाही जमायचं! एकट्याला घर खायला उठतं हो. गाऊ कुठून?" हेरंब लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

बुवा उठले. ऊर्मिलेच्या तंबोऱ्याची गवसणी काढली. ती बसायची तिथे, हेरंबच्या डाव्या हाताला, तो भिंतीशी टेकवून ठेवला. तारेला बोट लावलं नाही. पुन्हा आपल्या जागी येऊन बसले.

हेरंब त्या तंबोऱ्याकडे बघत राहिला.

"असं... कुठवर, बुवा?"

खट् करून टेपरेकॉर्डरचं बटण वर आलं.

"संपलं," हेरंब पुटपुटला.

"कॅसेट संपली," बुवा म्हणाले. "दळण नाही."