लखूशेठचा बुलडोझर आणि सगुणाचं लिंबू

राजा गुमानसिंह पुरता अडकला होता! लखूशेठचा जुना पिवळा बुलडोझर राजवाड्याच्या अंगणात येऊन उभा होता, आणि तो चालवून न बघताच विकत घेईन, असा शब्द महाराज भर दरबारात देऊन बसले होते.

झालं होतं असं, की महाराजांना पतंग उडवायला मैदान हवं होतं आणि नेमकी राजवाड्यासमोरची टेकडी आड येत होती. लखूशेठ म्हणाला, "हा घ्या बुलडोझर! जुना आहे, पण अंगात हत्तीचं बळ! काय म्हणता, चालवून बघायचा? छे छे! ते शंकेखोर लोकांचं काम. राजे नुसत्या नजरेनं माल ओळखतात!" झालं! महाराज फुगले आणि शब्द देऊन मोकळे झाले. शंका आली ती त्यानंतर.

"अरे, कोणीतरी सांगा, हा धड आहे की नाही!" महाराज ओरडले. "पण हात लावायचा नाही आणि चालवा म्हणायचं नाही! मी शब्द देऊन बसलोय!"

सेनापतींनी बुलडोझरला एक फेरी मारली आणि सलाम ठोकला. "ताठ उभा आहे, महाराज. शिस्तीचा दिसतो."

राजवैद्य बराच वेळ निरखून म्हणाले, "अंग पिवळं पडलंय. कावीळ असावी."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पूजेचे हार घेऊन आलेली सगुणा फुलारीण होती ती. महाराज आधीच चिडलेले, त्यात हे हसू!

"हसतेस? मग तूच सांग! आणि ऐक, हे धूड बिघडलेलं निघालं, तर ते कायमचं तुझ्या बागेत उभं राहील!"

सगुणाचं हसू जागच्या जागी वाळलं. अबोलीला नुकता कुठे बहर आला होता, मोगरा कळ्यांनी लगडला होता, आणि त्या बागेवरच तर तिचं घर चालत होतं! रडूच यायचं बाकी होतं. तिनं शेठकडे पाहिलं. शेठ सावलीत उभा राहूनही घाम पुसत होता. सगुणानं टोपलीत हात घातला आणि एक लिंबू बाहेर काढलं.

"महाराज, मी हात लावणार नाही आणि चालवा म्हणणारही नाही. पण गाडीची पूजा नको का करायला? हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू! लिंबू चिरडलं की दृष्ट गेली!"

"म्हणजे काय! लिंबाशिवाय आमच्या दारात बैलगाडीसुद्धा येत नाही!" महाराज म्हणाले.

लखूशेठ तर खूशच झाला. पूजा झाली म्हणजे सौदा झाला! त्यानं स्वतः हार घातला, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा तोंडात टाकला. सगुणा लिंबू घेऊन निघाली. निघाली ती अंगण ओलांडून थेट टेकडीच्या अर्ध्या चढावर गेली, तिथे लिंबू ठेवलं आणि हात झटकत परत आली.

"अगं ए!" शेठ किंचाळला. "लिंबू चाकाखाली ठेवायचं असतं!"

"चाकाखालीच ठेवलंय, शेठ. चाक अजून तिथे पोचलं नाही, एवढंच!"

"पण... पण माझा ड्रायव्हर जेवायला गेलाय!"

"दृष्ट मालकाच्याच हातून उतरते हो."

"चढा, शेठ!" महाराज गरजले.

शेठ देवाचं नाव घेत चढला. बुलडोझर खोकला, शिंकला, काळा धूर ओकला. धुराच्या नळकांड्यातून एक कोंबडी कलकलाट करत उडाली. मग जोरात हिसका देऊन बुलडोझर जो निघाला, तो मागे! शेठनं एकेक दांडा ओढून पाहिला, सगळे मिळून ओढले, पण तो आपला मागेच! गेला तो सरळ अंगणाच्या मागच्या हौदात. शेवंतीचा हार तरंगत वर आला, आणि पाठोपाठ लखूशेठ.

"महाराज!" शेठ पाण्यातूनच ओरडला. "तोंड फिरवून उभा करा! मग मागे जातो तो पुढेच जातो!"

"मुद्दा बरोबर आहे," सेनापती म्हणाले. महाराजांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

सगुणा धावत जाऊन लिंबू घेऊन आली. "बघा, ओरखडासुद्धा नाही!"

"ते कळलं गं!" महाराज कपाळ धरून बसले. "पण शब्दाचं काय करू? दिलाय ना! घ्यावा तर लागणारच."

"शब्द काय दिला होता, महाराज?"

"चालवून न बघता घेईन."

"मग आता कसा घेणार?" सगुणा म्हणाली. "बघून झालं की! साऱ्या राजवाड्यानं बघितलं! आता न बघता घ्यायचा म्हटलं तरी जमणार आहे का? शब्द मोडला शेठनी. चालवून त्यांनीच दाखवला!"

महाराज असे हसत सुटले, की मुकुट घरंगळून मांडीवर आला!

"घे ही मोत्यांची माळ! आणि टेकडी काही आता सपाट होत नाही, तीही तूच घे. वरपर्यंत मोगरा लाव! लिंबू मात्र इथेच ठेव, सरबत करू. एक पेला शेठलाही द्या रे, बिचारा मघापासून नुसतंच पाणी पितोय!"