एकशेवीस हात दोर

गडावरच्या दोरवाल्यांचा नाईक हैबती दर महिन्याला तेच विचारी, "दिवाणजी, पगार बारा होन वाचता, मग हातावर आठच कसे टेकवता?"

दिवाण आबाजीपंत खेकसत, "कागदावर बाराच आहेत! एक गडपट्टीत गेला, तीन तुझ्याच म्हातारपणासाठी ठेवलेत. पुन्हा विचारलंस तर चाकरी जाईल!"

तट तपासायचा दिवस आला. कड्यावरून खाली उतरण्यासाठी पंत पाळण्यात बसले.

"दोर पुरेल ना रे?"

"एकशेवीस हात आहे, सरकार. कागदावर नोंद आहे."

दोरवाल्यांनी पाळणा सोडला आणि ऐंशी हातांवर तो गचकन थांबला. पंतांच्या पायांखाली चाळीस हात नुसती पोकळी. वाऱ्याने पाळणा कड्यावर आपटू लागला.

"हैबती! बाकीचा दोर कुठाय?"

"दहा हात गडपट्टीत गेला. तीस हात तुमच्याच म्हातारपणासाठी ठेवलाय!"

"तोवर मी असाच लटकू?"

"मग आम्ही काय करतोय, सरकार?"

पंतांनी लटकल्या लटकल्याच हातावर पडेल तोच पगार वाचण्याचा शब्द दिला, तेव्हा कुठे पाळणा वर आला. पुढच्या पगाराला त्यांनी आधी 'आठ' वाचले, मग उरलेल्या चारांचा हिशेब नीट समजावून सांगितला. वाचताना एका हाताने त्यांनी सदरेचा खांब घट्ट धरून ठेवला होता.