बंदराकडे पाठ

एकदा एका व्यापाऱ्याने सागवानी लाकडाची मालवाहू आगबोट बांधून घेतली आणि ती जानू सारंग या वृद्ध, अनुभवी नाखव्याच्या स्वाधीन केली. सारंगाच्या हाताखाली विश्राम नावाचा शिष्य बारा वर्षे शिकत होता. “पुढच्या फेरीला सुकाणू तुझ्या हाती,” असे गुरूने त्याला सांगून ठेवले होते.

बोटीला पाण्यात उतरून जेमतेम आठ महिने झाले होते. कापसाच्या गाठी घेऊन परतताना एका दुपारी तळातून धूर येऊ लागला. खलाशांनी पाणी ओतले. पण गाठींच्या पोटात शिरलेली आग विझेना. पायांखालच्या फळ्या तापू लागल्या.

समोर बंदर दिसत होते. विश्रामला हायसे वाटले. “तात्या, पाव तासात धक्क्याला लागू. तिथं मदत मिळेल!”

सारंगाने बंदर एकवार निरखून पाहिले आणि सुकाणू फिरवले. बोटीने बंदराकडे पाठ केली. दक्षिणेला, कोसभर अंतरावर, निर्मनुष्य वाळूचा दांडा होता.

“तात्या, हे काय करताय? बोट हातची जाईल!”

“खाली भट्टीवर जा. वाफ कमी पडू देऊ नका. बोट टेकली की सगळ्यांना वर काढ आणि मग तू ये.”

विश्राम संतापला होता. तरी तो खाली गेला. धुरात खोकत भट्टीवाले कोळसा टाकत राहिले. शेजारची लाकडी भिंत तडतडू लागली. अखेर प्रचंड हिसका बसला आणि बोट वाळूत रुतली. सारे उड्या टाकून छातीभर पाण्यातून किनाऱ्याला लागले. सर्वांत शेवटी सारंग उतरला. तापलेले सुकाणू न सोडल्याने त्याच्या दोन्ही हातांचे तळवे भाजले होते. बघता बघता बोटीच्या ज्वाळा आभाळाला भिडल्या.

“बंदर समोर होतं, तात्या,” विश्राम म्हणाला. “का पाठ फिरवलीत?”

“वारा कुठला होता?”

“समुद्रावरचा.”

“आणि धक्क्याला काय होतं?”

विश्राम आठवू लागला. एकमेकांना खेटून उभी असलेली साठ-सत्तर गलबते. त्यांवर वाळत घातलेली लुगडी. पोरेबाळे.

सारंग म्हणाला, “संकटात माणसाला फक्त आसरा दिसतो. पण आपण आसऱ्याला जाताना बरोबर काय घेऊन जातोय, हेही आपणच पाहायचं असतं. बोट आज ना उद्या बांधता येते, बाबा.”

विश्रामने डोक्याचे मुंडासे सोडले, फाडले आणि गुरूचे हात हलकेच बांधू लागला. तेवढ्यात बंदराकडून चार होड्या, वल्ही मारत, त्यांच्याकडे येताना दिसल्या.